रिकाम्या ग्रहांचा चितारी

घोडेगावच्या बाजारात येऊन बैल न बघता बैलांच्या पायांनी उडालेली धूळ बघत बसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून तो त्या धुळीतला सूर्य मापत होता.

मी बैलांचा दलाल. नुसत्या बघ्यांचा मला राग येतो. "पावणं, काय घ्यायचं हाय?" मी विचारलं.

तो हसला. पूर्वी तो मासिकांसाठी ग्रहताऱ्यांची चित्रं काढायचा. आता सिनेमांसाठी अख्खे ग्रह उभे करतो म्हणाला. "डोंगर, आभाळ, दोन चंद्र, सगळं काढून झालंय हो. पण तिथली माणसं कशी वागतील, तेच सुचत नाही. जन्मभर रिकाम्याच जागा काढल्या ना."

तेवढ्यात एक शेतकरी आला. रिवाजाप्रमाणे आम्ही हातांवर रुमाल टाकला आणि खाली बोटं दाबून, न बोलता भाव केला. चितारी बघतच राहिला. शेतकरी गेल्यावर जवळ येऊन म्हणाला, "मलाही दाखवाल?"

रुमालाखाली त्याच्या बोटावरचा, ब्रश धरून पडलेला घट्टा माझ्या हाताला लागला. त्यानं डोळे मिटले. मी बोटं दाबत गेलो, तो मान हलवत राहिला. आमच्यात कसला सौदा ठरला, ते मला कळलं नाही.

परवा नातीनं मोबाईलवर सिनेमा लावला. तांबड्या धुळीत, दोन चंद्रांखाली, दोन परके जीव समोरासमोर उभे होते. त्यांच्या हातांवर कापड होतं.

"आबा, हे काय करत्यात?"

"हळू बोल," मी म्हणालो. "सौदा चाललाय."