वसंताच्या बेस गिटारचा हलका खोका

आमच्या ऑर्केस्ट्रातली जुनी मंडळी महाडला चहाला जमली की एक गंमत होते. आम्ही कुठली गाणी बसवली होती, कोण चांगलं गायचं, यावर कुणी अवाक्षर काढत नाही. दुसऱ्या कपाला गाडी हटकून येते ती वसंताच्या ॲम्प्लिफायरवर, आणि तिथून हलत नाही! एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरा म्हणतो, "छे छे, तसं नव्हतंच ते!" म्हणजे एकाचे दोन झाले. असे ते वाढतच गेलेत. मला जसे आठवतात तसे सांगतो.

साठ सालानंतरची गोष्ट. मी शाळेत मास्तर आणि ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियनला. कुसुमताई गायला. दत्तू दिवसा लाकडाच्या वखारीत आणि आमच्याकडे ढोलकीला. आणि वसंता नाते गावचा. दत्तू त्याची ओळख "हा आमच्या नात्यातला" अशी करून द्यायचा. निम्मं महाड त्या दोघांना चुलतभाऊ समजत होतं!

* * *

वसंता मुंबईला गिरणीत होता. शेजारच्या खोलीतल्या एका बँडवाल्याकडून तो बेस गिटार शिकला आणि एका गणपतीत ती गिटार घेऊन गावी आला, तो परत गेलाच नाही.

दत्तूने गिटार उलटीपालटी करून बघितली.

"चारच तारा? बाकीच्या दोन मुंबईत इसरलास काय रे?"

"बेसला चारच असतात."

"मग कमी पैशात आली असंल!"

वसंताने एक तार छेडली. ॲम्प्लिफायर नसला की ती गिटार म्हणजे मुकं जनावर. दत्तूने पार कान टेकवला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "हाय, आवाज हाय. पन लाजाळू हाय!"

* * *

आमच्याकडे तेव्हा वाल्वचा जुना ॲम्प्लिफायर होता. दोघांनी धरला तरी कंबर धरायची. त्याला जोडलेला एक भोंगा. त्या भोंग्यातून कुसुमताईंचा आवाज सावित्री नदीपार जायचा, पण बेसचा खर्ज काही त्या पत्र्यातून बाहेर पडायचा नाही. वसंता जीव तोडून वाजवतोय, आणि ऐकणाऱ्याला त्यातलं काहीच नाही!

पोलादपूरला एका लग्नात आमचा कार्यक्रम रंगात आला होता. मधेच एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, त्या कडेच्या पोराला जरा बसवा. मगाधरनं ताटकळत उभा हाय. त्याचा नंबर कवा यायचा?"

मी म्हटलं, "येईल, येईल."

म्हातारे गेले आणि वसंतासाठी खुर्ची घेऊन आले!

* * *

हा खुर्चीचा किस्सा वसंताच्या आधी नात्याला पोचला. वसंताचे वडील, आबा, भातशेतीवाले, कमी बोलणारे. ते थेट माझ्या घरी आले. वसंता तिथेच होता.

"मास्तर, गावात लोक इचारतात, तुमचा पोर ऑर्केस्ट्रात काय करतो? मी काय सांगू? उभा ऱ्हातो?"

मग आबा वसंताकडे वळून म्हणाले, "शिमग्याला आपल्या देवळापुढं वाजव. मला ऐकाय आलं तर ऱ्हा. नायतर गिरनी."

आबा गेल्यावर वसंता बराच वेळ गिटारच्या खुंट्या पिळत बसला. म्हणाला, "मास्तर, गिरणीत मागांचा खडखडाट चालू झाला की माझं बोलणं मलाच ऐकू येत नाय. परत नाय जायचं मला तिथं."

म्हणजे आता ॲम्प्लिफायर बदलणं आलं.

* * *

मी, वसंता आणि दत्तू मुंबईला गेलो. दत्तूला न्यायचं कारण म्हणजे डोंगरातल्या वाड्यांवर सामान तोच वाहायचा. रेडिओवाल्याच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने विचारलं, "किती वॉटचा पाहिजे?"

दत्तूला ऐकू आली 'वाट'. "वाट लई हाय शेट. आंबेनळीत उतरायचं, मग वर कुडपणला पायी. सगळी चढन!"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला, मी वसंताकडे.

मग दोन ॲम्प्लिफायर समोर आले, खोक्यातच स्पीकर बसवलेले. एक वाल्वचा, जडशीळ. वसंताने गिटार लावून एक तार ओढली आणि काउंटरवरचे चहाचे कप किणकिणले! वसंताचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं काम. दुसरा ट्रान्झिस्टरचा, नवीन निघालेला, पातळ प्लायवूडचा, हलकाफुल्ल. दत्तूने पहिला डोक्यावर घेतला, गल्लीत चार पावलं गेला आणि परत आला. मग दुसरा घेतला, तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला, वर हसतोय.

"ह्याचा आवाज बेस हाय!"

"अरे, तो अजून लावलाय कुठं?"

"डोक्यावर घेतला ना मी!"

वसंता जडासाठी हटून बसला. दत्तू म्हणाला, "घे की. कुडपणला तू ने."

हलका घेतला.

* * *

परतताना एसटीत कंडक्टरने खोक्याला हात लावला. "आत काय हाय?"

दत्तू म्हणाला, "आवाज."

कंडक्टरने एका हाताने खोका उचलून बघितला. "मंग रिकामाच हाय की! मांडीवर घ्या."

महाडपर्यंत खोका माझ्या मांडीवर. मी आपला विचार करत राहिलो, की ह्याला रिकामा म्हणावं की भरलेला?

* * *

पहिलाच कार्यक्रम कुडपणचा, लग्नाचा. आंबेनळी घाटात एसटीतून उतरलो. दत्तूने खोका डोक्यावर घेतला आणि शीळ घालत चढायला लागला. "बघा, बघा! टोपी घातल्यागत वाटतंय!"

कुसुमताईंनी विचारलं, "अहो, वर वीज आहे का?"

"नाय. बॅटरीवर चालतो," दत्तू म्हणाला.

"मग बॅटरी कुणाकडे आहे?"

दत्तू थांबला. मी वसंताकडे बघितलं, वसंताने माझ्याकडे. बॅटरी महाडला! खोक्याचं वजन कमी करण्याच्या नादात बॅटरीचं वजन कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

वळणावर एक ट्रक इंजिन गार करत उभा होता. आम्ही ड्रायव्हरला हातापाया पडून बॅटरी मागितली. तो म्हणाला, "बॅटरी नेली तर गाडी हलनार नाय. आनि गाडी हलनार नाय तर मी हितं काय करू? बॅटरी जाईल तिथं मी येनार!"

क्लीनरला ट्रकजवळ बसवून तो निघाला. बॅटरी वसंताने आणि मी आळीपाळीने वाहिली. दत्तू पुढे शीळ घालतच होता. मांडवात पोचलो तर ड्रायव्हर सगळ्यांत पुढे, धट्टाकट्टा, मिशीवाला. मुलीकडच्यांना वाटलं, मुंबईहून येणारे नवऱ्याचे मामा हेच! त्यांनी त्याचे पाय धुतले, टिळा लावला, फेटा बांधला, पहिल्या पंगतीला बसवला. तो "अवो, मी बॅटरीवाला" म्हणत राहिला. नवरीचे वडील हात जोडून म्हणाले, "असू द्या, कामधंदा कसला बी असू द्या. तुमी आलात, हेच आमाला मोप!"

खरे मामा दुपारी आले. फेटे संपले होते!

* * *

आणि मग शिमगा. नात्याला देवळापुढे फळ्यांचं स्टेज, संध्याकाळची उन्हं, सगळा गाव समोर, आणि पहिल्या रांगेत आबा.

पहिलं गाणं सुरू झालं. वसंताने खर्जातली तार ओढली मात्र, हलका खोका थरथरत चालायला लागला! खरंच सांगतो, इंचाइंचाने, लोकांच्या दिशेने. दत्तूने ढोलकी वाजवता वाजवता पायाने मागे ढकलला. खोका परत पुढे. बायका पदर तोंडाला लावून हसताहेत, पोरं ओरडताहेत, "आला, आला!" शेवटी खोका अगदी कडेला आला, वायर ताणली, सुटली, आणि सगळं बंद.

आबा उठले. स्टेजवर चढले. वसंताने गळ्यातला गिटारचा पट्टा काढायला घेतला. मी डोळेच मिटले.

आबांनी खोका उचलला, जागेवर नेऊन ठेवला, आणि त्याच्यावर बसले!

"वाजव."

वसंताने भीतभीत तार ओढली. आबा दचकले. दोन्ही हातांनी खोक्याच्या कडा घट्ट धरल्या. मिशा थरथरत होत्या, पागोट्याचा शेमला थरथरत होता, पण माणूस तसूभर हलला नाही. मध्ये एकदा आरतीचं ताट फिरलं म्हणून उभे राहिले, तर खोका निघाला, वायर सुटली, परत बंद! आबा घाईघाईने ताटाला हात लावून पुन्हा बसले.

कार्यक्रम संपल्यावर वसंताने विचारलं, "आबा, ऐकाय आलं?"

आबांनी धोतर झटकलं. "पुढला कार्यक्रम कुठं हाय?"

पुढला महाडला होता. आबा सगळ्यांच्या आधी हजर, हातात घडी घातलेली घोंगडी. ती खोक्यावर अंथरली आणि बसले. मग बिरवाडी, मग पोलादपूर. एकदा मांडवातल्या एका पाहुण्याने त्यांना विचारलंच, "आबा, तुमचा मुलगा ते मोठं थोरलं काय वाजवतो हो?"

आबा म्हणाले, "ते मला ठाव नाय. पन मी उठलो की बंद पडतं!"