बाईंच्या घरातलं पार्टिशन

पुण्याच्या एका मासिकातून फोन आला तेव्हा मी नांदेडच्या प्लायवूडच्या दुकानात स्टुलावर बसून फुकटचा चहा पीत होते. पलीकडची मुलगी म्हणाली, लहान शहरांतल्या इंटिरियर डिझायनरांवर आम्ही एक सदर करतोय. डिझायनरनं आपल्या शहरातल्या आवडत्या जागा सांगायच्या, घराबद्दल आपलं म्हणणं काय ते सांगायचं आणि आपण केलेलं एक घर दाखवायचं. माझं नाव तिला कुणी सुचवलं हे मी विचारलं नाही. उगाच तिच्या मनात शंका यायची.

"नांदेडमधली तुमची सगळ्यात आवडती जागा?" तिनं विचारलं.

खरं उत्तर द्यायचं तर ते स्टूलच. तिथं चहा मिळतो, नमुन्यांचे तुकडे मिळतात आणि गावात कोण घर बांधतंय ही बातमी सगळ्यात आधी तिथं कळते. पण हे छापून कसं दिसेल? मी दुकानाबाहेर गेले, आवाज जरा खाली आणला आणि म्हणाले, "गोदावरीचा घाट. पहाटेचा. नवीन काम हातात घेण्याआधी मी तिथं जाऊन पाण्यावरचा उजेड बघत बसते."

लग्न होऊन नांदेडला आले त्याला अकरा वर्षं झाली होती. पहाटेचा घाट मी एकदाही पाहिला नव्हता. पहाटे मी झोपलेली असते.

"आणि डिझाइनबद्दल?"

"घराला श्वास घेता आला पाहिजे," मी म्हणाले. "लोक घरात भरत जातात. मी काढत जाते."

संध्याकाळी हे वाक्य मी नवऱ्याला ऐकवलं. तो भाजी चिरत होता. "आपल्या बेडरूमच्या खिडकीपुढं कपाट कुणी लावलंय?" त्यानं विचारलं. मी विषय बदलला. आमच्या हॉलमध्ये मी स्वतः डिझाइन केलेली एक वेताची खुर्ची आहे. दिवाळीपासून तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, आणि ती खुर्ची आहे हे पाहुण्यांना सांगावं लागायचं.

दाखवायला घर मात्र माझ्याकडे होतं. माझं माहेर लातूरचं. शाळेत मला गणित शिकवणाऱ्या बाई पुढं मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या आणि त्यांनी औसा रोडला एक छोटं घर घेतलं. त्या एकट्याच राहतात. घराच्या आतलं सगळं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. गणितात मी कशी होते हे माहीत असूनही सोपवलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

त्या घरात मी हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये सागवानी पट्ट्यांचं एक पार्टिशन केलं होतं, जमिनीपासून छतापर्यंत. दुपारी त्याच्या सावल्या फरशीवर पडायच्या. माझ्या सगळ्या कामांत मला त्याचा अभिमान जास्त. ते घडवलं लातूरच्याच एका बुजुर्ग मिस्त्रींनी. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, बाप-आजापासूनचं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. नकाशा बघून त्यांनी तेव्हाच विचारलं होतं, "नक्षा लई चांगला हाय मॅडम. पण बाई पाणी कुठं ठेवणार?"

"वर टाकी आहे ना, चाचा."

"टाकीचं वापरायचं. प्यायचं?"

"ते बघू नंतर," मी म्हणाले.

लातूरला नळाला रोज पाणी येत नाही. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, मी त्यातच वाढले. पाण्याच्या दिवशी आमच्या घरी सगळेजण पिंपापासून चहाच्या किटलीपर्यंत जे हाताला येईल ते भरून ठेवायचे. तरीही मी काढलेल्या त्या नकाशात पाण्याचं एकही भांडं नव्हतं. पिंपं काढली की माझ्या रेषा बिघडत होत्या.

काम संपलं त्या दिवशी, बाईंचं सामान यायच्या आत, मी फोटो काढून घेतले. तेच मासिकाला पाठवले. त्या मुलीचा लगेच निरोप आला: पार्टिशन फारच सुंदर आहे, मी स्वतः कॅमेरा घेऊन येते, आधी पहाटे घाटावर तुमचा फोटो काढू आणि मग लातूरला जाऊ.

मी बाईंना फोन केला. "ये की," त्या म्हणाल्या. "घर तुझंच आहे." चाचांनाही केला. म्हटलं, तुम्ही पण या, पार्टिशनला जरा पॉलिशचा हात मारून ठेवा. "पार्टिशनला?" त्यांनी विचारलं. मग ते म्हणाले, "हाव. येतो ना." दीड वर्ष मी त्या घरी गेले नव्हते. त्यांच्या त्या प्रश्नावर मी विचार करायला हवा होता. पण कोणती साडी नेसायची, या विचारात मी होते.

ठरल्या दिवशी पहाटे मी पुण्याच्या पाहुणीला तिच्या हॉटेलवरून घेतलं आणि घाटाकडे निघाले. दुसऱ्याच वळणाला चुकले. एका बोळात गाडी उलटी घेताना मी तिला म्हणाले, "मी नेहमी चालत जाते ना, गाडीचा रस्ता वेगळा आहे." तिनं मान डोलावली. फार गोड मुलगी होती.

घाटावर पोचलो तेव्हा उजेड खरंच सुरेख होता. नदी संथ होती, लोक अंघोळी करत होते, गुरुद्वाऱ्याकडून कीर्तनाचा आवाज येत होता. मी पायरीवर बसून, रोज बघत असल्यासारखी, पाण्याकडे बघायला लागले. तेवढ्यात चहावाला किटली घेऊन जवळ आला. त्यानं माझ्याकडे, माझ्या इस्त्रीच्या साडीकडे आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"ताई, दर्शनाला आलाव का?" त्यानं आपुलकीनं विचारलं. "कुठून आलाव?"

"इथलीच आहे," मी म्हणाले.

"नांदेडच्या? कोनत्या गल्लीतल्या? कधी दिसल्या न्हाईत. मी इथं रोज असतो, चार वाजल्यापासून."

पाहुणीनं कॅमेरा खाली केला. तिला हसू आवरत नव्हतं. मीही मग हसले, दुसरं करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. चहा मात्र चांगला होता.

लातूरच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "आता खऱ्या जागा सांगा." मी प्लायवूडचं दुकान सांगितलं. नांदेडच्याच वजिराबादेतलं पडद्यांच्या कापडाचं एक दुकान सांगितलं, जिथला म्हातारा मालक कापड दाखवायच्या आधी खिडकी कोणत्या दिशेला आहे ते विचारतो. आणि लातूरची गंजगोलाई. गोल बाजार, सगळ्या बाजूंनी रस्ते फुटलेले. लहानपणी आईचा हात सुटला की मी तिथंच उभी राहायचे, कारण आई फिरून त्याच जागी येणार हे नक्की असायचं. तिनं हे सगळं लिहून घेतलं. घाटाबद्दल काय लिहिलं ते मी विचारलं नाही. अहमदपूरला आम्ही भजी खाल्ली. घर बघितल्यावर ही बाकीचं विसरेल, असं मला वाटत होतं.

बाईंनी दार उघडलं. मी आत पाऊल टाकलं आणि समोर थेट गॅसची शेगडी दिसली. मला वाटलं, मी चुकीच्या घरात आले.

"काय शोधायलीस?" बाईंनी विचारलं.

"बाई, पार्टिशन..."

"बस आधी. पाणी घे."

पाणी आणायला त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मी त्यांच्या मागं गेले. मागच्या भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लांब बाक होता. गुडघ्याएवढ्या उंचीचा, वर झाकणं. पुढच्या बाजूला उभ्या पट्ट्यांची जाळी आणि जाळीतून बाहेर आलेले चार स्टीलचे नळ. आत पिंपं होती. वर उशी टाकलेली, उशीवर निवडायची मेथी, शेजारी चष्मा आणि पेपर. पट्ट्या मी ओळखल्या. प्रत्येकीची रुंदी मी स्वतः ठरवली होती.

चाचा तिथंच उभे होते, हातात पॉलिशचं फडकं घेऊन. मी सांगितलं होतं म्हणून आणलं असणार. त्यांनी बाकाला एक हात मारलाही होता.

"तुझं लाकूड वाया नाही जाऊ दिलं बघ," बाई म्हणाल्या. "पहिले दोन महिने पिंपं हॉलमध्ये होती. पाय लागून एकदा पडले. मग चाचांना बोलावलं. तुला सांगणार होते गं, पण तू किती आनंदात होतीस."

माझं पार्टिशन गेलं याचं वाईट वाटलं, की बाई पडल्या याचं? खोटं कशाला बोलू, त्या क्षणी पार्टिशनचंच वाटलं. पडण्याचं वाटायला थोडा वेळ गेला.

पाहुणी तोवर गुडघ्यावर बसून फोटो काढायला लागली होती. झाकणं उघडून बघत होती, नळ सोडून बघत होती. "हे काय सुंदर आहे!" ती म्हणाली. "बसायचं, साठवायचं, सगळं एकात. कल्पना कोणाची?"

माझ्याकडे बघून विचारलं तिनं. आणि मी, जिला सकाळी सातच्या आत चहावाल्यानं एकदा पकडलं होतं, ती मी म्हणाले, "असं असतं ना, की घर वापरात आलं की त्यातून काही गोष्टी सुचत जातात..."

"हाव," चाचा हळूच म्हणाले. "नक्षा मॅडमचाच."

ते माझी लाज राखत होते. मी गप्प राहिले असते तर ते पुढंही काही बोलले नसते. पण बाईंनी चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. नववीत मी शेजारणीच्या वहीतून उत्तरं उतरवली होती, तेव्हाही त्यांनी असंच पाहिलं होतं. आवाज तेव्हाही चढला नव्हता.

"खरं सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. त्रेचाळीस वर्षांची बाई, इस्त्रीची साडी, आणि उभी राहून सांगितलं. चाचांनी पाण्याचं आधीच विचारलं होतं, मी ऐकलं नाही, बाक त्यांचा आहे, हे घर वर्षभरापूर्वी बदललंय हे मला आत्ता दोन मिनिटांपूर्वी कळलंय. बोलून झाल्यावर मी चाचांना म्हणाले, "चुकलं माझं."

"काय न्हाई मॅडम," ते म्हणाले. "पार्टिशन नसतं तर एवढं चांगलं सागवान बाई कशाला घेतल्या असत्या?"

यात टोमणा होता की समाधान, हे मला आजही कळलेलं नाही. जेवणात बाईंनी शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि मेथी केली होती. आम्ही चौघं बाकाजवळ जेवलो. बाकावर जागा पाहुणीला आणि चाचांना मिळाली. मी खाली बसले.

लेख छापून आला. बाकाचा आणि चाचांचा फोटो पानभर. चाचा ताठ बसलेत, टोपी नीट केलेली. माझाही फोटो आहे, घाटावरचा, कोपऱ्यात. त्यात माझं तोंड चहावाल्याकडे आहे आणि माझे डोळे मिटलेले आहेत. आवडत्या जागांत प्लायवूडचं दुकान आलं म्हणून दुकानदारानं ते पान फ्रेम करून गल्ल्याच्या मागं लावलं. माझ्या आईनं अंक वाचून फोन केला आणि चाचांच्या बाकाचं माप विचारलं.

मग देगलूरहून एका डॉक्टर बाईंचा फोन आला. त्यांना अगदी तसाच बाक हवा होता. मी चाचांना सोबत घेऊन गेले. तिथं घरात बोअर होती, पाणी भरून ठेवायची गरजच नव्हती. चाचांनी बाकाचं नावही काढलं नाही. ते डॉक्टर बाईंच्या सासूबाईंजवळ जाऊन बसले आणि सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय करता ते विचारायला लागले, थोडं मराठीत, थोडं दख्खनीत आणि सासूबाई अडल्या की मोडक्या तेलुगूत. मी टेप धरून उभी होते. दोन तास गेले, मी कागदावर एक रेघ ओढली नाही. शेवटी ठरलं ते एवढंच, की मागच्या दारापाशी एक रुंद, बुटका ओटा करायचा. पाय लांब करून बसता येईल आणि अंगणात येणारं-जाणारं माणूस दिसेल, असा.

रंगाची बाब आली तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी माझं रंगांचं पुस्तक काढलं आणि राखाडीच्या सात छटा सासूबाईंपुढं ठेवल्या. त्यांनी सातही नीट पाहिल्या.

"ही तर राख हाय," त्या म्हणाल्या. "राखेनं आम्ही भांडे घासलो. भिंतीला कामून लावायची? गुलाबी लाव."

मी सुनेकडे पाहिलं. सून छताकडे बघत होती. चाचांकडे पाहिलं तर ते टेप गुंडाळत होते, फार लक्ष देऊन.

मागच्या आठवड्यात भिंतींना पहिला हात दिला. गुलाबीच. संध्याकाळी मागचं दार उघडं होतं, सासूबाई अर्धवट बांधलेल्या ओट्यावर आत्ताच जाऊन बसल्या होत्या, आणि उन्हात ती भिंत वाईट दिसत नव्हती. मी एक फोटो काढला. तो अजून कुणाला दाखवलेला नाही.