नमनातून गाळलेलं नाव

अड्याळचा कवडू धानाची शेती करायचा, पण पंचक्रोशीत तो ओळखला जायचा दंडारीतला, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळातला, गडी म्हणून. भाऊबीज उलटली की गावात मंडईची जत्रा भरायची आणि भर दुपारी दंडारीचा खेळ उभा राहायचा. आधी देवांचं नमन, शेवटी मुलखाचं. ‘झाडीमंडळ आमची माय’ म्हणत कवडू मातीला हात लावायचा, मगच ढोलकीवर थाप पडायची. गुरू देवाजीबुवांनी त्याला शिकवलं होतं, “जिकडं पाहावं तिकडं झाडी, म्हणून मुलखाला हे नाव. जिल्हा मागून आला.”

पण नागपुरात ‘झाडीतला’ म्हटलं की लोक नाक मुरडायचे. मोठे शहाणेच ते! ताटात आमचा तांदूळ चालतो, आमचं नाव तेवढं चालत नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मंडईला नागपूरचे पाहुणे कवडूची पोरगी चंद्रकांता हिला पाहायला आले. जेवताना मुलाचे वडील म्हणाले, “आम्हाला वाटलं, झाडीत नुसती जनावरंच राहतात.” सगळे हसले. कवडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तोही हसला. सोयरीक हातची जाऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

दुपारी पाहुणे पुढच्या सतरंजीवर बसले. कवडूने देवांचं नमन म्हटलं आणि झाडीमंडळाची ओळ सरळ गिळून टाकली. मातीला हातसुद्धा लावला नाही. देवाजीबुवांना वाटलं, चेला विसरला. बिचारे काठी टेकत उभे राहिले आणि खड्या आवाजात त्यांनी ती ओळ धरून दिली.

“खाली बसा, बुवा,” कवडू खेकसला. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, “म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही.”

ज्याने गळ्यात गाणं घातलं, त्याच्याबद्दल हे बोलला गडी!

सोयरीक जुळली. खेळ संपल्यावर बुवाच कवडूजवळ आले. “माह्यंच चुकलं बापा. पाव्हण्यांसमोर मी मधात बोलाले नाही पायजे होतं.” कवडूला शरमेने मान वर करवेना. त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण पाहुणे पाहत होते, म्हणून तेही राहिलं.

वैशाखात लग्न लागलं. निघताना चंद्रकांता बापाच्या गळ्यात पडून रडली आणि हळूच म्हणाली, “बाबा, तिकडं कोणी माहेर इचारलं, तं झाडी म्हणून सांगू का नोको?”

कवडूने गाडीजवळ उभ्या व्याह्यांकडे पाहिलं आणि तिची पेटी उचलून गाडीत ठेवली.

“बरं, नाही सांगत,” ती म्हणाली आणि डोळे पुसून गाडीत बसली.