लाभापासून सात शून्यं

माझे वडील कडावचे मापारी. खळ्यावर भाताची रास पडली की पायली भरभरून मोजायची आणि मोजताना आकडा मोठ्याने म्हणायचा, हे त्यांचं काम. पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणायचं नसतं, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. मध्येच कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आकडा चुकला तर रास पहिल्यापासून. बाबांचा आकडा कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि बाबाही ते कुणाला विसरू देत नसत.

अशा माणसाचा मुलगा मी, मुंबईच्या कॉलेजात मोजण्यातच तोंडावर आपटलो. प्राध्यापकांनी विचारलं, पोटॅशियमचा अणू मोठा की लोखंडाचा? लोखंडाचा जड, म्हणून मी छातीठोकपणे लोखंड म्हणालो. मग पोटॅशियमचा आकार सेंटिमीटरात लिहायला सांगितला, तर एक शून्य गाळलं. अणू दहापट फुगला आणि वर्ग हसून लोळला. दिवाळीनंतर पुन्हा तोंडी परीक्षा घेईन, तीतही नापास झालास तर नाव कमी करू, असं त्यांनी सुनावलं. मला भयंकर राग आला. त्यांचा थोडा, माझा जास्त.

सुट्टीत मी ओसरीवर पुस्तक घेऊन चरफडत बसलो होतो. बाबांनी विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. ते आत गेले आणि पूजेच्या लाह्यांतली एक लाही आणि एक तांदळाचा दाणा माझ्या तळहातावर ठेवला.

“जड कोन?”

“तांदूळ.”

“आन् मोठी कोन?”

मी लाही उचलून दाखवली.

“मंग? जड त्ये मोठं, ह्ये कुनी शिकवलं रं तुला? आवळून बसलं का ल्हान दिसतंय. आन् सुन्यं गळतात कशी? मापावानी म्होट्यानं मोज की.”

लोखंडाचा अणू आपले इलेक्ट्रॉन आवळून धरतो, हे पुस्तकातही होतं. दहादा वाचूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

परीक्षेत तोच प्रश्न आला. पोटॅशियम, मी म्हणालो, आणि कारणही सांगितलं. मग फळ्यावर दशांशचिन्ह दिलं आणि भर वर्गात खड्या आवाजात शून्यं मांडू लागलो. लाभ, दोन, तीन… थेट सात! पुढे शेचाळीस. वर्ग पुन्हा हसला. प्राध्यापकांनी फळा नीट पाहिला आणि म्हणाले, हसणाऱ्यांनी आता लोखंडाचा आकार लिहून दाखवावा. कुणी उठेना. तोही मीच लिहिला, सात शून्यं आणि पंचवीस. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

शनिवारी कर्जतला उतरून कडावपर्यंत जवळजवळ पळतच गेलो. खळ्यावर मोजणी चालली होती. आकडा छत्तीसवर आला होता. हाक मारायची नाही हे ठाऊक होतं, पण राहवेना.

“बाबा, पास झालो!”

बाबांनी वर पाहिलं नाही. पुढची पायली काठोकाठ भरली, उचलली आणि सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असे ओरडले,

“लाभ!”

रास पहिल्यापासून मोजावी लागली. राशीच्या मालकाने हूं की चूं केलं नाही.