मरून राहिला

मुद्रितशोधक मेश्राम परक्या शब्दाला आधी गाव विचारायचे. प्रूफवर बोट ठेवून म्हणायचे, "कुठचा गा तू?" ते मिशनच्या वसतिगृहात शिकले होते. तिथल्या पाद्रींनी त्यांना लॅटिन शिकवले. नागपूरच्या आमच्या दैनिकात त्याचा काही उपयोग होईल, असे कुणालाच वाटत नव्हते.

मी उपसंपादक म्हणून पुण्याहून नुकताच आलो होतो. हिंगण्याच्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि एक वेल्डर होरपळला. रुग्णालयाच्या इंग्रजी टिपणात त्याच्या नावापुढे 'मॉरिबंड' असे लिहिले होते. मेश्रामांची त्या दिवशी सुटी होती. मी फोन करून अर्थ विचारला.

"मरून राहिला गा," ते म्हणाले.

मी 'मृत' लिहिले. इथे 'जेवून राहिला' म्हणजे जेवतो आहे, हे मला अजून माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंक वाचून वेल्डरच्या दारात तिरडीचे बांबू येऊन पडले. त्याची बायको तेव्हा वॉर्डात त्याला चमच्याने पाणी पाजत होती. अंक तिला तिथेच कुणीतरी नेऊन दाखवला.

मेश्राम माझ्या टेबलापाशी आले. "लॅटिनमंदी 'मोरिओर' म्हणजे मरणे. रूप कर्मणी, अर्थ कर्तरी. त्याले 'बुंदुस' लागला, का विशेषण होते, 'मोरिबुंदुस'. म्हणजे क्रिया चालू हाय. मेलेल्यासाठी 'मोर्तुउस' हा वेगळा शब्द हाय! मरून राहिला म्हणजे अजून जिता हाय. पुन्हा काहून नाही विचारलं?"

ते दुरुस्ती लिहून संपादकांकडे गेले.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे, मेश्राम," संपादक म्हणाले. "उगाच अब्रू कशाला घालवायची?"

"कोणाची अब्रू, साहेब? तिकडं त्याच्या बायकोले लोक कुंकू पुसाले सांगून राहिले."

दुरुस्ती छापली गेली नाही. मेश्राम रोज वॉर्डात फोन करत आणि ती नव्याने लिहून देत. बातमीनंतर पाचव्या दिवशी वेल्डर गेला. संपादक आमच्या खोलीत येऊन म्हणाले, "चला, बातमी शेवटी खरी ठरली."

मेश्राम उठले. "खरी नाही ठरली. तुम्ही त्याच्या मरायची वाट पाहिली." हातातला कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "हे तरी उद्याच्या अंकात लाव," म्हणाले आणि जिना उतरले. राजीनामा दुसऱ्या दिवशी टपालाने आला.

तो कागदही मी लावला नाही. त्यावरचा मजकूर येथे देत आहे: हिंगण्याच्या स्फोटातील वेल्डर मृत असल्याचे आम्ही छापले. तो जिवंत होता. त्यानंतर तो पाच दिवस जगला.