पाय धुतले, ऐकलं नाही

मैत्रिणींनो, आज डोंबिवलीत ‘आतली शहाणी म्हातारी जागवा’ या हीलिंग सर्कलला गेलेले. विधीसाठी मधोमध बसवायला खरी म्हातारी हवी होती, म्हणून सासूबाईंना नेलं. दिवा गावात त्यांनी कितीतरी बायकांची बाळंतपणं केलीत.

सगळ्यांनी त्यांचे पाय धुतले. सर्कल घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “आजी, तुमचं शहाणपण आम्हाला द्या.”

सासूबाई सांगू लागल्या, “माझी पहिली मुलगी माझ्याच हातात गेली, तेव्हा...”

“आजी, पॉझिटिव्ह बोला,” म्हणत मॅडमनी म्युझिक वाढवलं. आम्ही डोळे मिटून आपापल्या आतली म्हातारी शोधत बसलो.

रिक्षात सासूबाईंनी विचारलं, “माझं काही चुकलं का गं?”

मी म्हणाले, “हो. सगळ्यांचा मूड घालवलात.”

वीस वर्षांत त्या मुलीबद्दल मी पहिल्यांदाच ऐकलं. आता कुठल्या तोंडाने विचारू?