भावोजी आणि ह्यांची गाडी

माझ्या धाकट्या दिरांना मोटारीतलं जेवढं कळतं तेवढं साऱ्या रत्नागिरीत कुणाला कळत नाही, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत आहे. तरुणपणी ते आखातात एका शेखाकडे होते. गाड्या धुवायला. पण धुता धुता आपण जे पाहिलं ते इतरांना शिकूनही येत नाही, असं ते सांगतात. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ त्यांच्या मते टायमिंगमध्ये. माझं दूध उतू गेलं, टायमिंग. कोंबडी खुडूक बसली, टायमिंग. त्यांची बायको माहेरी गेली ती महिनाभर आली नाही, तेव्हाही टायमिंगच. तिच्या भाताच्या टोपात त्यांनी कार्बोरेटर उकळायला घातला होता, हे कारण त्यांनी धरलंच नाही. इंजिन तपासायला ते माझी आमटी वाढायची करवंटीची डवली नेतात. दांडा इंजिनाला, करवंटी कानाला, डोळे मिटलेले. एकदा मी म्हटलं, "अहो, गाडी बंद आहे ना? मग ऐकता काय?" तर म्हणाले, "वहिनी, बंद इंजिन जास्त बोलतं. ऐकणारा पायजे."

दुसरी खोड शेंदराची. दसऱ्याला हत्यारं सगळेच पुजतात. भावोजी तेलात शेंदूर कालवून बसतात आणि पान्यापासून पंपापर्यंत एकालाही सोडत नाहीत. मीटर बघायला आलेल्या माणसाच्या पकडीलाही त्यांनी टिळा लावला होता. गाडीचं बॉनेट उघडून तर बोट पोचेल तिथे लावत सुटायचे.

गाडी आमच्या ह्यांची. जुनी, पण चालत होती. चढावर जरा धापा टाकायची, एवढंच. ह्यांची उजवी बाजू गेली, हे घरात बसले, आणि भावोजींनी ती धाप काढायला गाडी खोलली. ती काही पुन्हा सुरू झाली नाही. किल्ली फिरवली की खोकायची, मागून फाटकन धूर सोडायची आणि गप्प व्हायची.

ह्यांचं मागणं एकच होतं. आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं, मांडवीला जायचं, होड्या बघायच्या. शेजाऱ्यांनी त्यांची गाडी देऊ केली. मी रिक्षा आणते म्हटलं, तर हे म्हणाले, "रिक्षात घालून न्यायला मी काय सामान आहे? आपली गाडी होऊ दे." रोज चार वाजता हे डाव्या हाताने कसाबसा भांग पाडून, पांढरा शर्ट घालून पडवीत बसायचे. अंधार पडला की भावोजी हात पुसत यायचे. "दादा, उद्या नक्की. टायमिंग एवढंएवढंसं राहिलंय." हे मान हलवायचे. धाकट्या भावाला कधी रागवायचे नाहीत. ते काम माझं.

शेवटी मी मिरजोळ्याचा मेकॅनिक बोलावला. भावोजी बॉनेटवर हात पसरून उभे. इंजिनाच्या पुढे एक चाक असतं. त्यावरची खूण समोरच्या काट्यावर आली की ठिणगी कधी पडायची ते ठरवतात. खूण चुकली तर ठिणगी अवेळी पडते. हे मला त्या भांडणात कळलं. मेकॅनिक म्हणत होता, खूण तपासून बघू. भावोजी म्हणाले, "चाकावरची लाल खूण दादाने हाताने केलीय. दादाची खूण तपासणारा तू कोण?" तो आल्या वाटेने गेला. त्याला दुसरी कामं होती.

पाऊस संपता संपता हे गेले. पांढरा शर्ट तेव्हा दोरीवर वाळत होता. तेराव्यानंतर मी भावोजींशी बोलणं टाकलं. आजही त्याचं मला वाईट वाटत नाही.

हे जाऊन वर्ष व्हायचं होतं, म्हणून घरात सण नव्हता. तोरण नाही, गोड नाही. पण हत्यारांना सुतक नसतं म्हणत भावोजी दसऱ्याला शेंदूर कालवून आलेच. मी पायरीवर तांदूळ निवडत होते. पाने झाले, पंप झाला, मग ते बॉनेटखाली वाकले. शेंदराचं बोट सवयीने पुढच्या चाकाकडे गेलं आणि जुन्या लाल खुणेवर बरोबर टेकलं. ते तसेच राहिले. बोट उचलेनात. मग धोतराच्या सोग्याने त्यांनी ते चाक पुसायला घेतलं. मळ निघाला, आणि बऱ्याच अंतरावर लोखंडात कोरलेली बारीक खाच निघाली. लाल खूण दादाची नव्हतीच. मागच्या कुठल्या तरी दसऱ्याचा तो त्यांचाच टिळा होता.

दुपारच्या आत गाडी सुरू झाली. भावोजी दारात आले. तोंडावर शेंदूर, डोळे लाल. "वहिनी, चला. मांडवीला नेतो."

"आता कुणासाठी?" मी म्हटलं, आणि तांदळाचं सूप घेऊन आत गेले.

ते परत जाऊन स्टीअरिंगवर हात ठेवून बसले. बाजूची सीट रिकामी. गाडी बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. मी चुलीपाशी उभी राहून ऐकत होते. आवाज चांगला होता, एकदासुद्धा अडखळला नाही. हे असते तर पडवीतून ओरडले असते, "फुकट पेट्रोल काय जाळतोस रे? आत ये, जेव!" ओरडायला कुणी नव्हतं. म्हणून शेवटी मीच ओरडले.